पलंगाला कच्चा टाका

आमच्या घरात लोणच्याच्या बरणीचं झाकण मी लावलं, की ते पुन्हा मलाच उघडावं लागतं. नवरा म्हणतो, तू झाकण लावत नाहीस, जन्मठेप देतेस. नळ, कुकरचं हँडल, मुलीच्या लहानपणीच्या वेण्या, सगळं मी आवळते. काही सैल राहिलं की मला चैन पडत नाही. भोरला ज्या कचेरीत मी गेली बावीस वर्षं आवक-जावक सांभाळते, तिथे नवीन शिपायाला पहिल्याच दिवशी सांगतात, मॅडमनी बांधलेला गठ्ठा सोडत बसू नका, कात्री आणा. तेव्हा माझ्या हातात ड्रिल मशीन आलं तर काय होणार, हे खरं म्हणजे कुणीही सांगितलं असतं.

पण ते मशीन हातात यायला आईचे गुडघे कारण झाले.

आई मार्गासनीच्या जवळ, वेल्ह्याच्या रस्त्याला लागून असलेल्या दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते. एकटी म्हणजे चार कोंबड्या, एक मांजर आणि रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी, एवढा गोतावळा. यंदा तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन पुण्यात झालं. माझा धाकटा भाऊ पुण्यात असतो, त्यानेच सगळं केलं. भाऊ वाईट नाही. उलट फार चांगला आहे, आणि तीच पंचाईत होती. त्याचं म्हणणं, आईने आता कायमचं पुण्याला यावं. लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहे, बाथरूम घरात आहे. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, त्यामुळे मला भांडताही येत नव्हतं.

सोमवारी त्याचा फोन आला. "ताई, डॉक्टर म्हणतात आता खाली बसायचं नाही, खाली झोपायचं नाही. वीस इंच उंच पलंग लागेल. मी मोबाईलवरनं मागवलाय, गावच्या पत्त्यावर. कंपनीचा माणूस येऊन जोडून देईल. गुरुवारी सोडतायत. पलंग उभा असेल तर आईला गावाला आणतो. नसेल तर इथनं सरळ माझ्याकडे."

मग आईने फोन घेतला. हॉस्पिटलात हळू बोलायचं असतं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ती कुजबुजत होती. "बाय, तेवढा पलंग उभा कर. चवथ्या मजल्यावर येकदा का ग्येले, की मला परत खाली कोण आणतंय?"

मी म्हटलं, आई, पलंगाचं माझ्याकडे लागलं. मी महिन्याची रजाही टाकून ठेवली होती.

मंगळवारी टेम्पोने पलंग आला, तो मी गावच्या घरी जाऊन उतरवून घेतला. पलंग कसला, तीन चपटी खोकी. बुधवारी कंपनीच्या माणसाचा फोन आला, की मॅडम, वेल्हे साइडला आमची सर्व्हिस नाही. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. विंझरच्या सुताराला विचारलं, तर त्याने फोटो बघूनच नाक मुरडलं. "भुशाच्या फळ्या हायती ह्या. असल्या कामाला आमी हात लावत न्हाई." नवऱ्याला रजा नव्हती. त्याने माळ्यावरून एक डबा काढून माझ्या पुढ्यात ठेवला आणि "शुभेच्छा" म्हणाला. दोन वर्षांपूर्वी त्याला दिवाळीच्या सोडतीत बॅटरीवर चालणारं ड्रिल मशीन लागलं होतं, त्याचा तो डबा. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी स्कूटीच्या पायाशी तो डबा ठेवून मी भोरहून निघाले. कापूरहोळ, चेलाडी फाटा, नसरापूर करत साडेनऊला घरी पोचले. कुलूप काढलं, कोंबड्यांना दाणे टाकले, मशीनची बॅटरी चार्जिंगला लावली, आणि पंखा बंद पडला.

गुरुवार! आमच्या भागात गुरुवारी दहा ते पाच लाईट जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या दिवशी ती चांगली दहा मिनिटं आधीच गेली. लहानपणापासून ज्या गावात वाढले तिथला गुरुवार मी विसरले. भोरला आमच्या बिल्डिंगला जनरेटर आहे, त्याने माणूस असा नासतो. मी अंगणात उभी राहून लाईटवाल्यांना, कंपनीला, भावाला आणि एकूण विज्ञानाला शिव्या घातल्या.

रस्त्यापलीकडे शिलाईचं दुकान आहे. तिथल्या वहिनी मशीन थांबवून आल्या. आईच्या सगळ्या चोळ्या यांच्याच हातच्या. अंगाने बारीक, गळ्यात कायम टेप, आणि बोलणं असं शांत की माझ्यासारखीला आधी त्याचाच राग यावा. त्यांची शिलाई मशीन पायाने चालणारी, त्यामुळे गुरुवारचं त्यांना काही सोयरसुतक नव्हतं.

"आक्का, कुणावर वरडताय?"

मी सगळं सांगितलं. वहिनींनी बॅटरी हातात घेऊन वजन केल्यासारखी बघितली. "दूध डेअरीत इन्वर्टर हाय. फॅट मोजायचं मशीन त्येच्यावरच चालतंय. थांबा." त्या गेल्या, बॅटरी लावून आल्या आणि येताना डेअरीतून दोन खुर्च्याही घेऊन आल्या. त्यांतली एक कशाला हे मला संध्याकाळी कळलं. आई आल्यावर अंगणात बसायला उंच खुर्ची लागेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

तोपर्यंत आम्ही खोकी फोडली. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. सतरा फळ्या, चार पाय, बोल्टांच्या पुड्या, एक वाकडी चावी, आणि एक कागद. कागदावर अक्षर एकही नाही, नुसती चित्रं. त्यात एक टकला माणूस हसत हसत पलंग जोडत होता. त्याचं हसणं बघूनच माझं डोकं फिरलं. मी कागद उलटा-सुलटा केला आणि वहिनींच्या हातात दिला.

वहिनींनी तो जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर पलंगाचे चार पाय ठेवले आणि जरा वेळ नुसत्या बघत बसल्या. "हे कटिंगवानी हाय," म्हणाल्या. "ही पाठ, ह्या दोन बाह्या, ही खालची पट्टी. ह्ये बारीक गोल म्हंजी काजं. चला." मग सगळ्या फळ्या त्यांनी टेपने मोजल्या आणि खडूने त्यांवर आकडे टाकले. तासाभरात त्या पसाऱ्याला काहीतरी अर्थ आला. मला मनापासून हुश्श वाटलं. बावीस वर्षं कागद वाचून जे येत नाही ते या बाईला कापड कापून आलं होतं.

बारा वाजता मी डेअरीतून बॅटरी आणली. मशीनच्या पुढच्या रिंगवर एकपासून वीसपर्यंत आकडे होते, जोर किती लावायचा त्याचे. मी कितीवर ठेवलं असेल? वीसवर. पहिला स्क्रू फळीला टेकवला आणि घोडा दाबला.

काय सांगू! घर्र करून तो स्क्रू आत गेला तेव्हा माझ्या दंडापासून कानापर्यंत आनंद चढला. जन्मभर मी मनगट दुखेस्तोवर जे आवळत आले, ते हे मशीन दोन सेकंदांत करत होतं. मी दुसरा घातला, तिसरा घातला. चौथ्याला जरा जास्तच प्रेम दाखवलं. कट्ट असा आवाज झाला आणि स्क्रू जागच्या जागी गरागरा फिरायला लागला. फळीतलं भोक भुसा होऊन मोठं झालं होतं.

मी घाबरून वहिनींकडे बघितलं. त्यांनी गॅसजवळची काडेपेटी आणली, दोन काड्यांची डोकी मोडली, काड्या डिंकात बुडवून भोकात कोंबल्या. "आता घाला. हळू." स्क्रू बसला.

मग त्या माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आक्का, रागावू नगा. पण तुमी येक बोल्ट घालता आन् तितंच जीव देता. मंग दुसऱ्या अंगाचं भोक जुळत न्हाई. आमी ब्लाऊज असा शिवला तर गिऱ्हाईक अंगावर फेकंल. आधी कच्चा टाका घालायचा. सगळीकडं कच्चा. मंग माणसाला घालून बघायचं. बसला, तर पक्की शिलाई."

"म्हणजे सगळे बोल्ट सैल ठेवायचे?"

"सैल न्हाई. धरतील येवढे. मावशी येऊन बसल्या, उतरल्या, का मंग पक्के."

एका दुपारसाठी हे मला फार मोठं मागणं होतं. पण रिंग पाचवर आणली आणि ऐकलं. नवल म्हणजे त्यानंतर सगळं पटापट जुळत गेलं. एखादं भोक जरा सरकलेलं असलं की फळी ढकलायची, ती हलायची, बोल्ट आत. वहिनी फळी धरत, मी घोडा दाबत असे. रस्त्याने जाणाऱ्या बायका आवाज ऐकून दारात थांबत आणि विचारत, "गं बाई, तू चालवतीस?" मी उगीचच मशीन हवेत घर्र करून दाखवत असे. मधे दोन वेळा बॅटरी डेअरीत गेली, दोन वेळा आम्ही चहा प्यालो, वहिनींनी भाकरी आणि घेवड्याची भाजी आणली. इतकं हसून मी कित्येक वर्षांत काम केलं नव्हतं.

चार वाजता पलंग उभा राहिला. खोलीच्या मधोमध लाकडी खांब आहे, तो आणि भिंत यांच्यामध्ये मापात बसला. उशाला टेकायची उंच फळी, बाजूला औषधं ठेवायचा कप्पा. वहिनी एका गिऱ्हाइकाचा ब्लाऊज द्यायला दुकानात गेल्या. जाताना म्हणाल्या, "पक्कं करू नगा हां."

मी दोन मिनिटं हाताची घडी घालून बसले. खरंच बसले. मग रिंग वीसवर नेली आणि एकूण एक बोल्ट आवळून टाकला. पलंग असा झाला की हत्ती बसला तरी हूं की चूं करणार नाही. त्या भरात मी भावाला फोन लावला.

"कुठे आहात?"

"चेलाडी फाट्यावर. अर्ध्या तासात येतो. पलंगाचं काय?"

"तयार!" मी ओरडले. "आईला दे!"

आई गाडीत कुजबुजत नव्हती. "झाला? ग्वाड झालं माझे बाय! उसं कुठल्या अंगाला केलंस?"

"रस्त्याकडे. उजेड येतो ना."

"रस्त्याकडं म्हंजी उत्तरंला?"

मी खिडकीकडे बघितलं. रस्ता उत्तरेलाच होता. मी जन्मायच्या आधीपासून उत्तरेला होता.

"उत्तरंला डोकं करून मेल्यावर निजवत्यात गं," आई म्हणाली. "म्या काय मेले न्हाई अजून."

मागून भावाचं हसणं ऐकू आलं. "आई, राहू दे. गाडी वळवू का? माझ्याकडे दिशा पण बरोबर आहे आणि पलंग पण." तो गंमतच करत होता. पण निम्मी गंमत होती, निम्मी नव्हती. आई गप्प झाली. ते गप्प होणं माझ्या काळजात लागलं, कारण आई गप्प होणाऱ्यांतली नाही.

"वळवायचं नाही!" मी म्हटलं. "या तुम्ही. अर्ध्या तासात उसं फिरवते."

पलंग फिरवावा, तर खांब आडवा. बाहेर काढावा, तर दार अरुंद. आईनेच पायथ्याकडे डोकं करावं, तर टेकून बसायची फळी पायांशी जाणार, आणि डॉक्टरांनी तर दिवसातून चार वेळा टेकून बसायला सांगितलेलं. मी रस्ता ओलांडून दुकानात पळाले. वहिनींनी माझा चेहरा बघूनच सुई खोचली. मी एका दमात सगळं सांगितलं.

"उत्तर?" त्यांनी कपाळावर हात मारला. "आमी दिशा-बिशा बघत न्हाई, त्यामुळं माझ्या ध्यानातच आलं न्हाई. पण तुमी तर बघता!"

"मी पण बघत नाही," मी म्हटलं. "म्हणजे कचेरीत तसं सांगते."

"मग काय, उसं काढून पायथ्याला लावायचं, पायथा उशाला. कच्चंच हाय की, दहा मिन्टाचं काम." मी खाली मान घालून पुढे चालू लागले. त्यांनी येऊन एका बोल्टला बोट लावलं आणि माझ्याकडे बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मशीनवर उलटं फिरवायचं बटण आहे. माझ्यासारख्या माणसाला असलं बटण असतं हेच मुळी माहीत नसतं. मी दाबलं. मशीन कण्हलं, अडलं, मग एकेक बोल्ट कुरकुरत सुटायला लागला. माझंच आवळलेलं मी सोडवत होते आणि माझ्याच मनगटाचा मला पहिल्यांदा राग येत होता. आठवा बोल्ट सुटला, दोन्ही टोकं आणि कप्पा मोकळे झाले आणि बॅटरी संपली. डेअरीत संध्याकाळचं दूध सुरू झालेलं, तिथे आता जागा नव्हती.

दोघींनी फळ्यांची अदलाबदल केली, कप्पाही नव्या उशाकडे आणला. उरलेलं हातानेच, त्या वाकड्या चावीने. एक चावी, त्यामुळे वहिनी बोल्ट बोटांनी बसवत पुढे आणि मी चावी फिरवत मागे. तीन बोल्ट झाले आणि गाडीचा हॉर्न वाजला.

मी भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात गेले. हात डिंकाने आणि भुशाने भरलेले. आई वॉकर धरून गाडीतून उतरली. दोन्ही गुडघे पांढऱ्या पट्ट्यांत, चेहरा उतरलेला, पण डोळे सगळीकडे फिरत होते, कोंबड्या मोजत. मी तुकडा ओवाळून टाकला. ती डेअरीतून आणलेल्या खुर्चीत अंगणात बसली. भाऊ आत जाऊन बघून आला.

"ताई, हा पलंग आहे की सापळा?"

"पाच मिनिटं!"

"घे पाच मिनिटं. पिशवी गाडीतच ठेवतो." आईच्या कपड्यांची पिशवी त्याने मुद्दाम डिकीतून काढली नाही. आईने ते बघितलं, मीही बघितलं.

आत जाऊन आम्ही उरलेले बोल्ट घातले. या वेळी मी एकही आवळला नाही. धरतील एवढेच. भाऊ आला, त्याने उशाची फळी हलवली आणि ती जराशी हलली. "हे बघ. ह्याच्यावर आई झोपणार? नाही, ताई. तू केलंस तेवढं खूप केलंस, पण चल आई, आपण निघू."

"दादा," वहिनी म्हणाल्या, तितक्याच शांतपणे, "ही ट्रायल हाय. माप घेतल्याबिगर पक्की शिलाई करत न्हाईत. मावशींना बसवा."

वीस इंचांवर आई बसली. पाय जमिनीला नीट टेकले. मग वहिनींनी तिला टेकवलं, उठवलं, वॉकर धरून उतरवलं, पुन्हा बसवलं. उतरताना औषधांचा कप्पा तिच्या हाताआड येत होता, म्हणून तो दोन भोकं मागे सरकवला. कच्चा होता म्हणून सरकला. मी पुन्हा आवळला असता तर आईने रोज त्याचा ठोसा खाल्ला असता. भाऊ हे सगळं बघत उभा होता.

तेवढ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी "आली, आली!" असा गलका झाला आणि पंखा फिरला. मी धावत जाऊन बॅटरी लावली. दहा मिनिटांत चार-दोन बोल्टांपुरती भरली.

मी मशीन उचललं, तर आई म्हणाली, "हिकडं दे."

"अगं, जड आहे."

"गुडघं बदललेत, हात न्हाई."

जी बाई मिक्सरचं बटण लांबून काठीने दाबते, तिने पलंगावर बसून ते मशीन दोन्ही हातांत धरलं. वहिनींनी रिंग आठवर आणून मशीनचं टोक बोल्टावर बसवून दिलं. आईने घोडा दाबला. घर्र झालं, आई दचकली, मग खुदकन हसली आणि पुन्हा दाबला. "आगं बया! लई ग्वाड चालतंय की!" उशाचे चारही बोल्ट तिनेच पक्के केले, पायथ्याचे आणि कप्प्याचे मी चावीने. मी तिला इतकं हसताना वडील होते तेव्हाच बघितलं होतं.

"आता हलव," ती भावाला म्हणाली. त्याने हलवलं. पलंग हलला नाही. त्याने दोन्ही हातांनी जोर लावून बघितला, तरी नाही.

"आन् तू," आई माझ्याकडे वळली, "मघा सगळं आवळून ठ्येवलं व्हतंस ना? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" तिला कुणी सांगितलं कुणास ठाऊक. वहिनी कागदाची घडी घालत होत्या.

मग आईने मशीन मांडीवर ठेवलं आणि आतल्या खोलीकडे बघितलं. तिथे तिचा गॅस जमिनीवर, पाटावर. चाळीस वर्षं ती तिथेच, आधी चुलीपुढे आणि मग गॅसपुढे, खाली बसून स्वयंपाक करत आली. आता तिथे बसता येणार नव्हतं. पलंगाच्या धांदलीत आमच्यापैकी कुणालाच ते सुचलं नव्हतं.

"ह्यानं ग्यासला बी पाय लावता येत्यात का?" तिने विचारलं. "पलंगावर नुसती पडून काय करू? म्या माझ्या घरी आले तर भाकरी माझी म्या थापणार. उभ्यानं थापायची असली तर उभ्यानं."

भाऊ आईकडे बघत राहिला. त्याच्या घरात ओटा आहे, संगमरवरी आहे, आणि तिथे त्याने तिला पातेल्याला हात लावू दिला नसता, प्रेमानेच. हे त्यालाही त्याच वेळी कळलं असावं.

"वहिनी, टेप द्या जरा," तो म्हणाला. आईला वॉकर धरून उभं केलं, तिचे हात भाकरी थापायला येतात तसे पुढे धरायला लावले आणि तळव्यांपासून जमिनीपर्यंत मोजलं. "एकतीस इंच," तो म्हणाला. "ताई, लिहून घे. रविवारी येतो. मशीन चार्ज करून ठेव."

मग तो बाहेर गेला आणि डिकीतली पिशवी घेऊन आला.